मिथिलीन ब्लूवर बंदी घाला

मंडळी, आज एक मागणी करतोय. मुंबई विद्यापीठापासून ते गावोगावच्या इंजिनीअरिंग कॉलेजांपर्यंत, केमिकल आणि एन्व्हायर्न्मेंटलच्या शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टमधून मिथिलीन ब्लू या रंगावर पाच वर्षांसाठी बंदी घालावी. वाटल्यास पाच वर्षांनी फेरविचार करू.

ज्यांना प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी रेसिपी सांगतो. केळीची सालं घ्या. केळी नसतील तर नारळाच्या शेंड्या, शेंगदाण्याची टरफलं, उसाचं चिपाड, चहाचा चोथा, काहीही. वाळवा, दळा, जाळून कोळसा करा. पाण्यात मिथिलीन ब्लू घोळवा, त्यात हा कोळसा टाका, तासभर हलवा, गाळा. पाणी फिकट झालेलं दिसतं. मग उरलेला रंग मोजायचा, पाचसहा बिंदूंचा आलेख काढायचा आणि त्यातून लँगम्यूर नावाच्या शास्त्रज्ञाच्या सूत्राची रेघ ओढायची. आर-स्क्वेअर ०.९९ आला की सगळे खूश. शेवटच्या पानावर ठरलेलं वाक्य : सदर पदार्थ औद्योगिक सांडपाण्यासाठी स्वस्त व प्रभावी पर्याय ठरू शकतो.

झालं. पुढच्या वर्षी नवी बॅच, नवी साल. आमच्या वर्गात एकाच वर्षी असे तीन ग्रुप होते आणि तिघांचाही आर-स्क्वेअर ०.९९ होता. जगभरात या एका रंगावर असे हजारो पेपर आहेत आणि त्यातला मोठा वाटा आपल्या देशाचा. नोकरीत प्रमोशनसाठी पेपर लागतात, केळी बारा महिने मिळतात. कोण सोडेल?

मी हे बदलापुरात बसून लिहितोय, म्हणून जास्त चिडचिड होते. अंबरनाथ आणि बदलापूरच्या एमआयडीसीत रंग, औषधं, त्यांचा कच्चा माल बनवणारे कारखाने आहेत. अंबरनाथच्या शिवमंदिराला (शके ९८२, म्हणजे इ.स. १०६०) खेटून वालधुनी वाहते, पुढे उल्हासनगरमधून कल्याणच्या दिशेने जाते. तिचं पाणी कुठल्या रंगाचं असेल हे वर्षानुवर्षं कारखान्यांच्या पाळीवर ठरत आलं. नोव्हेंबर २०१४ च्या अखेरीस उल्हासनगरात या पाण्यात बेकायदा रसायन सोडलं गेलं आणि वायूच्या त्रासाने शेकडो माणसं दवाखान्यात गेली. उल्हासनगरचे जीन्स धुण्या-रंगवण्याचे कारखाने कोर्टकज्ज्यांनंतर २०१८ च्या सुमारास बंद झाले, हजारोंचा रोजगार गेला. तेव्हा एका बाजूला 'नदी वाचवा' आणि दुसऱ्या बाजूला 'पोट वाचवा'. दोन्ही बाजू खऱ्या होत्या. आणि मधल्या जागेत, जिथे 'हे पाणी नेमकं कशाने आणि किती साफ होऊ शकतं' याचं उत्तर असायला हवं होतं, तिथे आमची केळीची सालं पडली होती.

आधीच कबूल करून टाकतो : रात्री टँकर रिकामा करणाऱ्याला थांबवायला विज्ञान लागत नाही, पोलीस लागतात. त्या माणसाबद्दल हा लेख नाही. हा लेख त्या कारखान्यांबद्दल आहे जे चुना टाकतात, गाळ बसवतात, जिवाणूंची टाकी चालवतात, शेवटी सँड फिल्टर आणि कार्बन फिल्टर लावतात, आणि तरीही ज्यांच्या पाण्याला शेवटची एक छटा राहतेच. आणि त्यांच्यापेक्षाही जास्त, त्यांना उत्तर देऊ शकणाऱ्या पण न देणाऱ्या आपल्यासारख्या शिकलेल्या पब्लिकबद्दल आहे.

आता मिथिलीन ब्लूच का, ते बघू. हा रंग १८७६ साली जर्मनीत हाइनरिश कारो याने बनवला. पाण्यात विरघळल्यावर याच्या रेणूवर धन भार असतो. सालं, भुसा, माती, लाकूड यांच्या पृष्ठभागावर साधारणपणे ऋण भार असतो. म्हणजे हा रंग कशालाही चिकटतो. पांढऱ्या शर्टाला चिकटतो, बोटांना चिकटतो, बेसिनला तर विचारू नका. चिकटणाऱ्या रंगावर चिकटण्याचा प्रयोग करणं म्हणजे पास होणार हे माहीत असलेल्या मुलाचीच परीक्षा घेऊन शाळेचा निकाल शंभर टक्के लावणं.

कापड रंगवायला वापरतात ते रंग उलट स्वभावाचे. कापसाचे रिअ‍ॅक्टिव्ह रंग घ्या : त्यांच्यावर सल्फोनेटचे दोन-तीन-चार गट असतात, भार ऋण, रेणू मोठे. कोळशाच्या सगळ्यात बारीक छिद्रांची रुंदी दोन नॅनोमीटरहून कमी असते, त्यात हे धड शिरतही नाहीत. शिवाय रंगाच्या हौदात लिटरमागे ५०-६० ग्रॅम मीठ असू शकतं, ते सगळं सांडपाण्यात येतं. जीन्सचा निळा, म्हणजे इंडिगो, ही तर तिसरीच जात. तो पाण्यात विरघळतच नाही. त्याला हायड्रो (सोडियम हायड्रोसल्फाइट) आणि कॉस्टिक घालून विरघळवतात, सूत बुडवतात, बाहेर हवेत काढलं की तो पुन्हा न विरघळणारा होऊन सुताच्या बाहेरच्या थरात अडकून बसतो. म्हणून तर जीन्स घासली की पांढरी पडते, आणि त्या घासण्यावर उल्हासनगरचं पोट चालायचं. त्या पाण्यात रंगाचे कण तरंगत असतात. त्याला आधी गाळ बसवणं लागतं, केळी नंतर.

आणि गंमत म्हणजे मिथिलीन ब्लूसुद्धा दाखवतात तितका साधा नाही. पाण्यात जरा दाटी झाली की त्याचे रेणू दोन-दोन करून एकमेकांवर चिकटतात. एकटा रेणू ६६४ नॅनोमीटरचा प्रकाश शोषतो, जोडी ६१० च्या आसपासचा. आमचे प्रोजेक्टवाले ६६४ वर यंत्र लावून 'रंग उरला किती' ते मोजतात. अरे बाबांनो, काही रंग उडाला नाही, त्याने फक्त जोडीदार शोधला!

इथे मूळ मुद्दा येतो. रेणू एकमेकांना ओळखतात.

अर्व्हिंग लँगम्यूर हा अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमध्ये होता, बल्बच्या तारा आणि काचेवर वायू कसे बसतात याच्या मागे लागलेला. १९१८ साली त्याने काच, अभ्रक आणि प्लॅटिनमच्या सपाट पृष्ठभागावर वायू कसे बसतात यावर पेपर लिहिला. १९३२ चं नोबेल मिळालं. माणूस थोर, वाद नाही. त्याच्या सूत्रामागचं साधं चित्र असं : पृष्ठभागावर सारख्या जागा आहेत, एका जागी एक रेणू, एकच थर, आणि शेजारी कोण बसलंय याने काही फरक पडत नाही.

आता हे बदलापूर लोकलला लावून बघा. लँगम्यूरच्या डब्यात प्रत्येक सीट सारखी, कोणी कोणाला ओळखत नाही, रिकामी दिसली की बसला, स्टेशन आलं की उठला. असा डबा तुम्ही कधी पाहिलाय? आपल्या डब्यात ग्रुप असतो. पहिला आत शिरतो, रुमाल टाकतो, बाकीच्या पाच जणांना हाका मारतो. जिथे एक बसला तिथे सहा बसतात. पलीकडे भजनवाल्यांचा वेगळा कोपरा. खिडकी कोणाची, चौथी सीट कोणाची, सगळं ठरलेलं, आणि हे रेल्वेने ठरवलेलं नाही. बाहेरून कोणी मांडणी न करता शेजाऱ्या-शेजाऱ्यांच्या ओढीतून रचना तयार होते. रेणूंच्या बाबतीत याला सेल्फ-असेम्ब्ली म्हणतात.

हे कल्पनाचित्र नाही, फोटो आहेत. १९८१ मध्ये आयबीएमच्या झुरिकच्या लॅबमध्ये बिनिग आणि रोरर यांनी अणू 'बघता' येतील असा सूक्ष्मदर्शक बनवला, १९८६ चं नोबेल त्यावरच. १९८९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या आयबीएमच्याच लॅबने तांब्यावर बसलेल्या कॉपर थॅलोसायनिनच्या रेणूंची चित्रं काढली. चार पाकळ्यांची फुलं, एकेक वेगळं मोजता येईल अशी. तो रेणू आपल्या ओळखीचा आहे बरं का. निळ्या ऑइलपेंटमध्ये, छपाईच्या शाईत, प्लास्टिकच्या बादलीत असतो तोच. त्याच्या घराण्याचा शोध लागला तोही मजेशीर : १९२८ मध्ये स्कॉटलंडच्या एका कारखान्यात काचेचा थर दिलेल्या भांड्याला तडा गेला, आतलं लोखंड उघडं पडलं आणि पांढऱ्या मालात निळा कचरा दिसू लागला. एमआयडीसीत ग्लास-लाइन्ड रिअ‍ॅक्टर चालवणाऱ्या कोणालाही विचारा, काच तडकली की तो काय म्हणतो. त्या लोकांनी मात्र शिव्या देऊन झाल्यावर 'हे निळं काय आहे' असंही विचारलं. याच रंगाचे रेणू स्फटिकात एका पद्धतीने रचले की निळ्यात लालसर झाक येते, दुसऱ्या पद्धतीने रचले की हिरवट. रेणू तोच! मांडणी बदलली की ग्राहक माल परत पाठवतो. पुण्याच्या सुदर्शन केमिकलने रोह्यात याच जातीचे रंग बनवत २०२५ मध्ये जर्मनीची ह्यूबाख ताब्यात घेतली, तेव्हा 'मांडणीला काय महत्त्व' असं निदान रायगड जिल्ह्यात तरी कोणी म्हणू नये.

अजून एक उदाहरण देतो, कारण सांडपाण्याशी त्याचा थेट संबंध आहे. ट्रायमेसिक अ‍ॅसिड नावाचा साधा तीन हातांचा रेणू. ग्रॅफाइटवर सोडला की हातात हात घालून मधमाशीच्या पोळ्यासारखी जाळी विणतो, मध्ये साधारण एक नॅनोमीटरची भोकं. पण ज्या द्रवातून तो सोडला तो द्रव बदलला, तर तोच रेणू त्याच ग्रॅफाइटवर वेगळी, जास्त दाट नक्षी काढतो. द्रव बदलला की मांडणी बदलते. मग शुद्ध पाण्यात केलेला तुमचा प्रयोग मीठ, स्टार्च आणि साबण असलेल्या पाण्याला लागू पडेल हे कशावरून?

इथपर्यंत कोणी म्हणेल, ठीक आहे, चित्रं सुंदर आहेत, पण आमच्या फिल्टरला त्याने काय होतं? सांगतो. आणि हे शनिवारी घरी बसून कोणालाही करून बघता येतं, म्हणून सविस्तर सांगतो.

२०० बाय २०० चा चौकटींचा पट घ्या. प्रत्येक चौकटीत एक रेणू बसू शकतो. पृष्ठभागाला चिकटण्याची एक ठरावीक किंमत. इथपर्यंत लँगम्यूर. आता एकच ओळ वाढवा : शेजारच्या चौकटीत कोणी असेल तर थोडी ऊर्जा वाचते. मग कुठलीही चौकट निवडा, रेणू टाकून किंवा काढून बघा, ऊर्जा कमी होत असेल तर मान्य, वाढत असेल तर फासा टाकून ठरवा. ही पद्धत १९५३ ची, मेट्रोपोलिस आणि मंडळींची. त्यांचा प्रोग्रॅम आरियाना रोझेनब्लुथ या बाईंनी लिहिला होता. सगळा कोड शंभर ओळींचा. सी++ मध्ये चहा होईपर्यंत उत्तर येतं, पायथनमध्ये लूप लिहिलेत तर जेवून या.

काय दिसतं? शेजाऱ्याची ओढ थोडी असेल तर लँगम्यूरसारखाच गुळगुळीत आलेख, जरा वाकडा. पण ओढ एका हद्दीपलीकडे गेली की आलेख वाकत नाही, उडी मारतो. चौकोनी पटावर ही हद्द ऑन्सागरच्या १९४४ च्या गणितातून अचूक काढता येते : खोलीच्या तापमानाला मोलमागे सुमारे ४.४ किलोज्यूल. तुलनेसाठी, एका साध्या हायड्रोजन बंधाची ताकद साधारण २० किलोज्यूल धरतात. म्हणजे हद्द ओलांडायला फार काही करावं लागत नाही. ओढ ६ किलोज्यूल धरली तर पट एका विशिष्ट तीव्रतेपर्यंत फक्त एक टक्का भरलेला राहतो आणि त्यानंतर एकदम जवळजवळ नव्व्याण्णव टक्के. डबा रिकामा, डबा रिकामा, आणि मग अख्खा ग्रुप.

आता हे फिल्टरच्या भाषेत वाचा. पाण्यात रंग भरपूर असेल तर पृष्ठभाग गच्च भरतो, पाणी फिकट होतं, प्रयोग यशस्वी. पण तीव्रता त्या उंबरठ्याखाली गेली की पृष्ठभाग जवळपास काहीच घेत नाही. उरलेला रंग उरतो. प्रयोगशाळेत लोक लिटरला ५०, १००, २०० मिलिग्रॅमवर काम करतात. डोळ्याला मात्र काही रंग लिटरला १ मिलिग्रॅमच्या आसपासही दिसतात. नदीतली ती शेवटची छटा बरोबर अशा पट्ट्यात आहे जिथे कोणी मोजलेलंच नाही.

मी एक खोडसाळपणा केला. त्या उडी मारणाऱ्या मॉडेलमधून उडीच्या वरचे आठ बिंदू घेतले आणि प्रोजेक्टमध्ये शिकवतात तसे लँगम्यूरच्या सरळ रेषेच्या रूपात बसवले. आर-स्क्वेअर ०.९९ च्या वर! येणारच. त्या रूपात आडव्या अक्षावर तीव्रता असते आणि उभ्या अक्षावर तीव्रता भागिले चिकटलेला रंग. दोन्हीकडे तेच राशी, पृष्ठभाग भरलेला, रेघ सरळ येणार नाही तर काय होईल? म्हणजे लँगम्यूरचं गृहीतक साफ मोडणारा पृष्ठभागसुद्धा लँगम्यूरच्या परीक्षेत डिस्टिंक्शनने पास होतो. यावर लोकांच्या डिग्र्या उभ्या आहेत.

आणि हे मी लावलेले दिवे नाहीत. ग्लासगोमध्ये गाइल्स नावाच्या रंगांच्या रसायनतज्ज्ञाने १९६० मध्येच अशा आलेखांची वर्गवारी केली होती : एल म्हणजे लँगम्यूरसारखे, आणि एस म्हणजे आधी आळशी आणि मग अंगात आल्यासारखे, जिथे चिकटलेले रेणू पुढच्यांना ओढून घेतात. त्या पेपरच्या चार लेखकांत एक आडनाव नाखवा आहे, कोकणातला वाचक तिथे थबकतोच. कापड आणि रंगाच्या धंद्यातल्या लोकांना साठ वर्षांहून जास्त काळ हे माहीत आहे. विसरलो आपण, कारण रेघ ओढणं सोपं आहे.

आता दुसऱ्या बाजूचे वकील. पहिला म्हणतो, 'हे सगळं कॉम्प्युटरवरचं. खरा कोळसा म्हणजे काय चौकटींचा पट आहे?' अगदी बरोबर. खरा कोळसा म्हणजे मोडकेतोडके ग्रॅफाइटचे तुकडे, छोटी-मोठी भोकं, कडांना ऑक्सिजन, आणि त्यात मीठ-पाणी. खऱ्या कोळशात ती उडी पसरट होते, कधी दिसतही नाही. क्वांटमच्या पातळीवर हिशोब करायचा तर काही शे अणूंवर मशीन दमतं, आणि रेणूंना जवळ आणणारे क्षीण व्हॅन डर वाल्स बल नेहमीच्या सूत्रांत नीट येत नाहीत म्हणून वेगळी दुरुस्ती लावावी लागते. मॉडेल चुकू शकतं, हे मान्य. पण ते कुठे चुकलं ते दाखवता येतं, कारण त्याने 'शेजाऱ्याची ओढ इतकी' असं काहीतरी म्हटलेलं असतं. सालीच्या पेपरने काहीच म्हटलेलं नसतं, त्यामुळे तो कधी चुकतही नाही. मला चुकणारी गोष्ट हवी आहे.

दुसरा म्हणतो, 'असल्या गोष्टी परदेशात किंवा आयआयटीत. आपल्याकडे साधनं कुठे?' लॅम्प्स फुकट आहे, ग्रोमॅक्स फुकट आहे, क्वांटम एस्प्रेसो फुकट आहे. पुण्यात नॅशनल केमिकल लॅबोरेटरी १९५० पासून आहे आणि सीडॅकने पहिला परम १९९१ मध्ये तिथेच बनवला. बदलापूरहून कर्जतमार्गे पुणे काही परदेशात नाही. आणि वरच्या खेळाला तर सुपरकॉम्प्युटरही लागत नाही, ज्या लॅपटॉपवर तुम्ही रिकाम्या वेळात क्रिकेटचा स्कोअर बघता तो पुरतो.

तिसरा वकील आपल्याच हापिसातला आहे, आणि तो मला जास्त छळतो. 'एवढं कशाला? हजार पेपरचा डेटा टाक, मशीन लर्निंग लाव, उत्तर येईल.' राव, तो डेटा कसला आहे? शुद्ध पाणी, मिथिलीन ब्लू, जास्त तीव्रता, ०.९९. त्यावर शिकलेलं मॉडेल छातीठोकपणे सांगेल की वालधुनीला केळीची सालं लागतात. :)

आमच्या डब्यात मी निदान सहा जण मोजलेत ज्यांनी केमिकल इंजिनीअरिंग केलंय. सगळे ऐरोली नाहीतर पवईला जाऊन बँकांचे फॉर्म आणि विम्याचे स्क्रीन बनवतात. मीही तेच करतो, पगार बरा आहे, तक्रार नाही. पण रेणू शिकलेला आणि कोडही येणारा माणूस दुसरीकडे शोधावा लागतो, इथे तो दारात उभा राहून लटकतो. आणि गाडी ज्या कारखान्यांच्या पाठीमागून जाते त्यांचा केमिस्ट गेली कित्येक वर्षं कार्बन फिल्टर 'रंग सुटायला लागला की बदला' या एकाच नियमावर चालवतोय.

तर बंदीच्या काळात मुलांनी काय करावं? शेजारच्या कारखान्यात जा आणि तिथला खरा रंग मागा. नाव सांगणार नाहीत, नको, भार आणि आकार कळला तरी पुरे. त्यांच्याच हौदातलं मीठ घाला. लिटरला २०० नाही, १ ते १० मिलिग्रॅमवर मोजा, जिथे आलेख आळशी असतो तिथे बिंदू दाट घ्या. एकदा तीव्रता वाढवत जा, एकदा कमी करत जा, दोन्ही वाटा सारख्या येतात का बघा. सरळ रेषेचं रूप फेकून द्या, मूळ वक्रच बसवा, आणि शेजाऱ्याच्या ओढीचा आकडा काढा. त्या आकड्याचं चिन्ह जरी कळलं, म्हणजे हे रेणू एकमेकांना ओढतात की ढकलतात, तरी केमिस्टला सांगता येईल की फिल्टरमध्ये कोळसा वाढवायचा, मीठ आधी काढायचं की कार्बनचा नाद सोडून दुसरं काही लावायचं. आणि वापरलेल्या कोळशावर साधं पाणी सोडून रंग परत सुटतो का तेही मोजा. तो कोळसा घातक कचरा म्हणून गोणीत भरून तळोज्याला जातो तेव्हा गोष्ट वेगळी, आणि पावसाळ्यात शेडबाहेर पडून राहतो तेव्हा वेगळी.